सिंहमाशाचा कल्ला आणि माझा अंगठा

माझ्या उजव्या अंगठ्याचं वरचं पेर आता वळत नाही. बाकी हात शाबूत आहे, मी शाबूत आहे, आणि ज्या माशावर आम्ही सगळं खापर फोडलं तोही शाबूत आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्यांसाठी, आणि हातावरची गाठ बरी व्हायचं नाव घेत नाही म्हणून डॉक्टर बदलत फिरणाऱ्यांसाठी मी हे लिहिते आहे.

घरातला समुद्र

मालवणजवळ समुद्राला लागून आमचं घर आहे. चार खोल्या पर्यटकांना देतो आणि जेवण मी करते. माझी आई बाजारात मासे विकायची, लग्न होईपर्यंत मीही तिच्या शेजारी टोपली घेऊन बसत असे. माझे यजमान रमाकांत. (यांना मी जन्मात नावानं हाक मारलेली नाही, लिहिताना तेवढी हौस भागवून घेते.) बरीच वर्षं ते ट्रॉलरवर होते. मग पाठीचा मणका सरकला आणि समुद्र सुटला. त्यानंतर हा माणूस सकाळी उठून पडवीत बसायचा आणि भरती-ओहोटी बघत राहायचा. चहा पुढे केला तर घ्यायचा, नाही केला तर मागायचा नाही. मला त्या गप्प बसण्याची भीती वाटायला लागली होती.

एक दिवस त्यांनी पाहुण्यांच्या बैठकीच्या खोलीत काचेची मोठी टाकी आणून बसवली. खडकापलीकडचं स्वच्छ पाणी कॅनमधून आणायचं, गाळायचं, त्याचा खारटपणा मोजायचा, पंप चालू आहे ना बघायचं, असा त्यांचा दिवस भरला. आमच्यात मासे कोणी पाळत नाही. शेजारीण बघायला आली, टाकीपुढे थोडी उभी राहिली आणि म्हणाली, "वाढाक घातलास काय? किती मोठो झालो की खातलास?"

खाण्यातला मासा नव्हताच तो. सिंहमासा. पाहुणे लायनफिश म्हणतात. जाळ्यात आला तर आमचे लोक काठीनं उचलून बाजूला टाकतात. अंगावर तांबडे-पांढरे पट्टे, पंख ऐटीत पसरलेले आणि पाठीवर उभ्या काट्यांची रांग. त्या काट्यांत विष. रमाकांतांच्या एका मित्राच्या जाळ्यात तो बोटाएवढा असताना आला होता. त्याच्या जोडीला एक विंचूमासा होता. तो दिवसभर दगड होऊन पडलेला असायचा, आणि तोही विषारीच. दोघांना समोर हलणारं, जिवंत खाणं लागायचं. मेलेली कोलंबी खायला त्यांना मी शिकवलं. बांबूच्या काडीला कोलंबी लावून पाण्यात नाचवायची, की सिंहमासा पंख पसरून हळूहळू पुढे येतो आणि एका घासात गट्ट. मी हसत होते खरी रमाकांतांच्या खुळाला, पण संध्याकाळची कोलंबी दुसऱ्या कोणाला देऊ देत नव्हते.

माझा हात मला विचारत नाही

त्या सकाळी रमाकांत पाणी आणायला गेले होते. मी खोली झाडत होते. सिंहमासा टाकीच्या कोपऱ्यात दगडाखाली कलंडून पडलेला दिसला. दोन दिवस त्यानं खाल्लंही नव्हतं. काचेवर टकटक केलं, हलला नाही. मला वाटलं, गेला. मेलेला मासा टाकीत राहिला की पाणी नासतं, दुसराही मरतो, आणि पाहुणे चहाला त्याच खोलीत यायचे होते.

आता यापुढचं कोणत्याही शहरातल्या माणसानं केलं नसतं. त्यानं जाळी शोधली असती, नवऱ्याला फोन केला असता. मी हात घातला आणि अंगठ्यानं त्याचा कल्ला उचलायला गेले.

का, तर लाल आहे का बघायला. पडलेला मासा दिसला की कल्ला बघायचा. लाल म्हणजे ताजा, काळपट म्हणजे शिळा. शाळेत जायच्या आधीपासून मी हे करत आले आहे. त्या क्षणी डोक्यात विष नव्हतं, काटे नव्हते, काही नव्हतं. समोर मासा पडला होता आणि माझा हात त्याच्या कामाला लागला होता.

मासा मेला नव्हता. त्यानं अंग फिरवलं आणि पाठीचे दोन काटे माझ्या अंगठ्यात गेले.

मला दोन बाळंतपणं माहीत आहेत, त्यातलं एक मूल राहिलं नाही. कळा म्हणजे काय ते मला कळतं. पण ही कळ अंगठ्यातून निघून काखेपर्यंत आली आणि तिथेच ठाण मांडून बसली. मी ओरडले तशी शेजारीण धावत आली आणि म्हणाली, "तंबाखू लाव गो, तंबाखू!" तेवढ्यात रमाकांत आले. त्यांनी कॅन तिथेच सोडले, चुलीवरचं आंघोळीचं पाणी बादलीत ओतलं, त्यात स्वतःचं कोपर बुडवून बघितलं आणि माझा हात मनगटापर्यंत आत दाबून धरला.

"भाजता तर भाजांदे, पण काढू नको," ते म्हणाले.

कढत पाण्यानं कळ खरंच उतरायला लागली. मग दवाखाना, इंजेक्शनं, सलाईन. हात भोपळ्यासारखा सुजला आणि पंधरवड्यात ओसरला. मी परत विळीवर बसले. सगळ्यांना सांगून झालं, हसून झालं, गावात माझं नाव झालं. मला वाटलं, संपलं.

गाठ

अंगठ्याच्या बुडाशी हरभऱ्याएवढी गाठ आली. दुखत नव्हती म्हणून लक्ष दिलं नाही. मग ती जांभळी झाली, फुटली, पाझरायला लागली. तिच्या वर, मनगटाच्या दिशेनं, दुसरी आली. एका डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, दुसऱ्यांनी चीर देऊन साफ केली, तिसऱ्यांनी मलम बदललं. सगळे विचारायचे, काम काय करता? मी सांगायचे, मासे साफ करते. मग ते मान डोलवायचे. काटा लागला असेल, हात ओला ठेवू नका. मासे कापणाऱ्या बाईला हात ओला ठेवू नका म्हणून सांगतात, तेव्हा हसावं की रडावं कळत नाही.

अंगठा हळूहळू आखडत गेला. नारळ सोलता येईना, चपातीची कणीक मळता येईना. सुरमईच्या तुकड्या पडायच्या त्या कुठे जाड, कुठे पातळ. मी पाहुण्यांना फक्त शाकाहारी जेवण आहे म्हणून सांगायला लागले. मालवणात येऊन कोण शाकाहारी जेवतो? खोल्या रिकाम्या राहू लागल्या.

शेवटी गोव्यातल्या एका मोठ्या इस्पितळात गेलो. तिथली डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची होती. तिनं हात उलटसुलट करून बघितला, गाठींची रांग बोटानं मोजली आणि विचारलं, "घरात फिशटँक आहे का?"

मला हसू आलं. मी म्हटलं, "आमच्यात मासे पाळत नाहीत बाई, खातात." बोलून झालं आणि शेजारी बसलेल्या रमाकांतांकडे बघितलं. त्यांचा चेहरा उतरला होता. इतके महिने इतक्या डॉक्टरांना मी काटा सांगितला होता, मासा सांगितला होता, पण टाकीचा शब्द काढला नव्हता. कोणी विचारलं नाही आणि मला तो आजाराशी संबंध असलेला शब्द वाटलाच नाही.

अंगठ्यातला एक तुकडा काढून तपासायला पाठवला. हा जंतू सावकाश वाढतो म्हणून निकालही सावकाश आला. त्याचं नाव लांबलचक आहे, माझ्या फायलीत आहे, तिथेच राहू दे. डॉक्टरनं सोपं करून सांगितलं, की हा क्षयाच्या जंतूच्या भावकीतला आहे, पण पाण्यात आणि माशांवर राहतो. फुप्फुसात जात नाही. माणसाकडून माणसाला होत नाही. गोळ्या पुष्कळ महिने घ्याव्या लागतील, आणि अंगठा वळवणाऱ्या आतल्या दोरीभोवती साचलेलं साफ करायला ऑपरेशन करावं लागेल. अंगठा राहील का, असं मी विचारलं. "प्रयत्न करू," ती म्हणाली. हो म्हणाली नाही.

परतीच्या एसटीत बसलो. बांदा मागे पडल्यावर रमाकांत म्हणाले, "माझ्यामुळा झाला ह्या सगळा."

"काट्यातसून इलो की टाकीच्या पाण्यातसून, की बाजारातल्या खयच्या माशातसून, ता डॉक्टरणीक सांगूक येना नाय, आणि तुमका बरा कळला?" मी म्हटलं. रागानंच म्हटलं. माझ्या दुखण्यावर दुसऱ्यानं हक्क सांगितलेला मला आवडत नाही.

क्षय हा शब्द

आमची दीपाली कणकवलीजवळच्या गावात दिली आहे. काजूच्या बागा, भातशेती, खाऊनपिऊन सुखी घर. तिला तेव्हा सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी खोली रंगवून ठेवली होती, जुन्या मऊ साड्यांची दुपटी शिवून ठेवली होती. मी तिला फोनवर सगळं सांगितलं, भावकीच्या उदाहरणासकट. तिनं घरी सांगितलं. घरी फक्त क्षय ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी विहीणबाईंचा फोन आला. "विहीणबाय, राग मानू नका. माझी जाव ह्याच दुखण्यान गेली. तिचा सगळा मी केलंय. माका भय वाटता."

"अवो, माझा ता न्हय. लागणारा नाय. डॉक्टरणीन लिहून दिल्यान हा."

"दिल्यान असतला," त्या म्हणाल्या. "पण भय काय कागद वाचता?"

मी फोन ठेवला आणि खूप बोलले. भिंतीला बोलले, कपबशांना बोलले. दीपालीनं संध्याकाळी चोरून फोन केला. "आये, मी येतंय. कोण काय म्हणता ता बघूया." मीच तिला म्हटलं, "येव नको." तिला त्या घरात आयुष्य काढायचं होतं आणि मला माझ्या अंगठ्यापायी तिथे भांडण लावून द्यायचं नव्हतं. पण त्या वेळी मनात काय होतं ते खरं सांगते. मनात होतं, ही न विचारता येईल तर किती बरं.

ती आली नाही. माझ्या हातचं पहिलं बाळंतपण माझ्या हातून गेलं.

वॉर्डातली वेणी

ऑपरेशननंतर माझा हात सलाईनच्या दांड्याला उंच बांधून ठेवला होता. वॉर्डात पहाटे झाडू, मग चहा, मग ताप बघणं, मग डॉक्टरांची फेरी. दुपारी पंखा आणि शेजारच्या खाटेवरच्या आजींचं कोकणीतलं पुटपुटणं. डॉक्टरांची फेरी आली की मी बँडेजकडे न बघता त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचे. चेहऱ्यावर काही दिसत नाही, इतकं मात्र शिकले.

एका हातानं सगळं जमतं, वेणी जमत नाही. केस सुटे राहिले की मला आजारी असल्यासारखं वाटतं. भेटायच्या वेळेत रमाकांत आले तेव्हा मी नुसती तक्रार केली. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, फणी घेतली आणि माझ्या मागे बसले. ट्रॉलरवर दोर विणायचे तशी त्यांनी माझी वेणी घातली. इतकी घट्ट की भुवया वर ओढल्या गेल्या. सगळा वॉर्ड बघत होता. रोज यायचे आणि रोज घालायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या केसांना त्यांचा हात असा दिवसाउजेडी कधी लागला नव्हता.

रिकामी भिंत

घरी आले तर टाकी नव्हती. भिंतीवर ओलीचा चौकोन तेवढा उरला होता.

"मासो खंय?"

"आरोंद्याक दिलंय दोनय. दोस्ताकडे टाकी आसा."

"कोणाक इचारून?"

"आपला चेडू, दीपाली, घराक येतला म्हणान," ते म्हणाले. "विहीणबायक फोन करून सांगलंय, टाकी काढली. तरी नाय म्हणाली."

मी इतकी चिडले की टाके ओढले गेले. का चिडले ते मला तेव्हा कळलं नाही. मासा गेल्यानं माझा अंगठा यायचा नव्हता, हे एक. आणि दुसरं, ते पुन्हा पडवीत जाऊन बसले होते. समुद्राकडे तोंड करून, चहा न मागता. मला एक आजार पुरे होता.

दीपालीला मुलगा झाला तो फोनवर कळला. बारशाला मी गेले नाही. हाताला बँडेज होतं आणि बोलावणं आलं होतं तेही बिचकत. त्या दिवशी मी गोळ्या घेतल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी रमाकांतांनी गोळ्या तळहातावर ठेवल्या आणि मी गिळेपर्यंत समोर उभे राहिले.

गोळ्यांनी लघवी नारिंगी होते, तोंडाची चव जाते. एका गोळीमुळे डोळ्यांना लाल-हिरवा रंग कमी कळू शकतो, तर लक्ष ठेवा असं डॉक्टरनं सांगितलं होतं. मला लक्ष ठेवायचा एकच मार्ग ठाऊक. रोज सकाळी बाजारात जायचं आणि टोपलीतल्या माशांचे कल्ले उचलून बघायचे. डाव्या हातानं. लाल दिसला की जीव भांड्यात पडायचा. बांगडेवाली एक दिवस वैतागली. "घेवचा नाय तर कल्ले कित्याक उघडतंस गो सगळ्यांचे?" मी तिला कारण सांगितलं. त्यानंतर ती मला बघितलं की स्वतःच एक बांगडा उचलून धरायची आणि ओरडायची, "सांग, कसलो रंग?" सगळा बाजार हसायचा, मीही हसायचे.

टाकी ठेवणाऱ्यांना दोन शब्द

अंगठा थोडा थोडा हलायला लागला त्या आठवड्यात मी रमाकांतांना म्हटलं, "उद्या आरोंद्याक जावा आणि मासे घेवन येवा." त्यांना वाटलं मी टोमणा मारते आहे. दोनदा सांगावं लागलं.

टाकी परत आली ती माझ्या अटींवर. टाकीला कडीचं झाकण. हाताला कोपरापर्यंत रबरी मोजे, आणि हातावर साधं खरचटलेलं असेल तर त्या दिवशी टाकीला शिवायचं नाही. मेलेला दिसला तरी विषारी माशाला जाळीनंच उचलायचं, कारण काट्याला मासा मेल्याचं कळत नाही. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या कढत पाण्यात हात आणि लगेच दवाखाना. टाकीतला मासा नको झाला तर समुद्रात सोडायचा नाही, टाकीचा रोग बाहेर जातो. आणि डॉक्टर कशाहीसाठी तपासत असोत, आपल्या घरात टाकी आहे हे त्यांनी न विचारता सांगायचं.

घाबरू नका असं मी म्हणणार नाही. मी घाबरले होते. पण घाबरलेल्या माणसानं गोळ्या वेळेवर घेतल्या तर त्या तेवढ्याच लागू पडतात.

विहीणबाई आल्या

गोळ्या थांबल्या, त्यानंतरच्या एका सकाळी घरासमोर गाडी थांबली. दीपाली उतरली, कडेवर नातू. मागून विहीणबाई उतरल्या. सांगून आल्या नव्हत्या. मी दारात उभी राहिले आणि हात पदराखाली घेतले. नातवाला घ्यायला पुढे झाले नाही. कोणी देईपर्यंत घ्यायचं नाही, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

विहीणबाई बैठकीच्या खोलीत आल्या आणि टाकीपुढे थांबल्या. सिंहमासा पंख पसरून काचेजवळ आला.

"ह्योच काय तो?"

"ह्योच."

"दिसाक बरो आसा मेलो," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "माका हात दाखवा बघूया."

मी हात पुढे केला. त्यांनी तो आपल्या दोन्ही हातांत घेतला, अंगठ्यावरचा व्रण चाचपला, पेर वळतं का बघितलं. सोडला नाही. "माझ्या जावेचो हात मी असोच धरून होतंय," त्या म्हणाल्या, "शेवटाक." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझा सगळा राग कुठे गेला मला कळलं नाही. त्यांना मी इतके महिने मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"आज नातवाक तुमी न्हाणू घाला," त्या म्हणाल्या.

ज्या गोष्टीसाठी मी इतकी झुरले ती समोर आली आणि मी हात मागे ओढला. "अंगठो वळना नाय माझो. निसाटलो तर?"

"निसाटतलो कसो? मी आसंय मां हयसर."

न्हाणीत मी पाटावर पाय लांब करून बसले, विहीणबाई समोर उकिडव्या बसल्या. दीपालीनं नातवाला माझ्या पायांवर पालथं ठेवलं. मी तेल लावलं, पाठीला, पायांना, मानेला. तो हुंकारत होता. मग त्याला उताणं करायची वेळ आली. तेलानं तो बुळबुळीत झाला होता, मी काखेत धरून उचललं आणि उजव्या अंगठ्यानं धरायला हवं तिथे तो धरलाच गेला नाही. माझी पकड सुटली.

नातू जागचा हलला नाही. त्याच्या पाठीखाली विहीणबाईंचा हात आधीपासूनच होता.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, पोराकडे बघत होत्या.

"घाला आता पाणी," त्या म्हणाल्या. "निवता ता."